रीसेट दाबलं की हिरवी

चहा घ्या, सांगतो. आमच्या ॲपमध्ये रीसेट दाबल्यावर कुठला रंग यावा, हे माझ्या अब्बांनी ठरवलंय.

मुलांसाठी एक ॲनिमेशन होतं. पाण्यावर होडी डुलते, खाली तीन स्लायडर, ते सरकवले की होडीचा रंग बदलतो, रीसेट दाबलं की पहिला रंग परत येतो. हे सगळं चालवणारा कोड, ती स्क्रिप्ट, माझी. पण तो पहिला रंग कुठला, ते कोणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, गावच्या आपल्याच होडीचा घालू. हिरवी होती एवढं आठवत होतं, पण नेमकी कशी हिरवी ते काही केल्या आठवेना. शुक्रवारी सुट्टी, इथे आखातात नजमातल्या रूमवरून गावी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लॅपटॉपसमोर धरला.

"इतकी हिरवी नाय रे," अब्बा म्हणाले. "फिकी कर. अजून जरा. हां, आता बस."

तेच आकडे स्क्रिप्टमध्ये टाकले, खलास.

रविवारी मॅनेजर म्हणतो, "स्लायडर तो ठीक है, लेकिन रीसेट दबाओ तो बोट पुरानी क्यों हो जाती है?"

डोकंच फिरलं माझं. जिन्यात जाऊन अब्बांना फोन केला.

"अब्बा, रंग उडालेला का सांगितलात? होडी खरंच अशी झालीय?"

"नाय रे, झकास आहे. तू गेल्यावर रंगवली, निळी."

"मग निळीच सांगायची ना."



"निळी तू कुठे बघितलीस?"