तिसऱ्या वॉल्ट्झमधला हॉर्न

शपथेवर सांगतो झाव्रेलसाहेब, आत वाजतायत ना, ते वॉल्ट्झ माझे आहेत — अगदी खरं! म्हणजे, रचले बँडमास्तर क्राटोख्विलनी. लिहिले मी — म्हणजे नक्कल केली, बावीस वादकांचे स्वरलिपीचे बावीस कागद. हसताय काय? दारवानाच्या टोपीखाली एवढं हसू शोभत नाही! पाच मिनिटं आत सोडा. तिकीट? तिकीट असतं तर तुमच्या मिश्या कशाला बघत बसलो असतो? कविराज ऐंशीचे झाले, अख्खं व्हिएन्ना त्यांच्यासाठी आत बसलंय, मान्य — पण मला कविराज नकोत, मला हॉर्नवाल्याच्या, त्या पितळी कर्णा फुंकणाऱ्याच्या, पुढ्यातला कागद हवाय. का? हा दुसरा वॉल्ट्झ चाललाय ना — तिसऱ्यात हॉर्नने सोळा आवर्तनं गप्प बसायचं, मग एकट्याने कविराजांच्या शिकारगीताची साद घालायची. माझ्या हातून कागदावर पंधराच पडली. होतं हो! तालीम जुन्या, खाडाखोडीच्या कागदांवर झाली. हे नवेकोरे, रेशमी फितीचे, नंतर कविराजांना भेट द्यायचे — सकाळीच पोचवले. आता व्हायोलिनं कुजबुजत असताना मधेच हॉर्न — दिवाणखान्यात म्हैस शिरल्यासारखा!

वाजवणार कोण? तेच तर सांगतोय! नेहमीचा हॉर्नवाला तापाने पडला, ऐन वेळी आमच्या पोल्डीला बसवलं — माझा धाकटा भाऊ, तीन वर्षं लग्नांतून वाजवत फिरतोय. मास्तर म्हणाले, आज नीट वाजवलंस तर कायमचा ठेवतो. तालीम नाही, काही नाही, कागदावर भरवसा — आणि अक्षर भावाचं, म्हणजे डोळे मिटून भरवसा! मला बायकोने आत्ता सांगितलं, सपाता घालून धावत आलोय, बघा ना पायाकडे —

तिसरा! अहो, सुरू झाला, सरका! हात सोडा — नऊ, दहा — तुम्हाला भाऊ नाही का हो? — तेरा — पोल्डी, थांब रे, एकच — चौदा, पंधरा —

ऐकलंत?

हसतायत. सगळे हसतायत. वाद्यं थांबली.

शपथेत एवढंच खोटं होतं, झाव्रेलसाहेब — पंधरा हातून पडली नाहीत. मोजून लिहिली. मास्तरांकडे मागे उभं राहण्यापुरती जागा मागितली, तर म्हणाले, 'असल्या शाईच्या बोटांनी कविराजांसमोर?' — म्हटलं, बघाच मग. पोल्डी बसेल हे कुठे ठाऊक होतं?

नको, आता नका सोडू आत. तो याच दाराने बाहेर येईल. मी आलो होतो, सांगू नका त्याला.