सासूबाईंचा निरोप

महिन्यापूर्वी गेलेल्या आईचे एक्स-रे परत घ्यायला नीला अमेरिकेत ट्रॉयमधल्या डॉक्टरांकडे बसली होती. मागच्या खुर्च्यांवर एक म्हातारं जोडपं मराठीत बोलत होतं.

"अहो, म्हातारपणच्या नर्सिंग होमचा विमा कॅन्सल केलात, मला विचारायचं तरी."

"आईने सांगितलं. मी आहे ना, म्हणाली."

"सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून तर तिला आता वेळ आहे."

"चेष्टा पुरे. उद्या अंथरुणाला खिळलात तर मी एकटी उचलणार का तुम्हाला?"

"तू कशाला? ती उचलेल."

"साताऱ्याहून येऊन?"

"आलीय. बेसमेंटमध्ये असते. थंडी सोसत नाही, म्हणून फर्नेसजवळ बसते."

"तरीच तुम्ही तिथे खुर्ची नेऊन ठेवलीत."

"मी? मला जिना तरी उतरवतो का?"



"आणि माझा विमा? तो तरी ठेवलात ना?"

"तोही कॅन्सल केला. आई म्हणाली, सूनबाईला लागणार नाही."

आतलं दार उघडलं.

"मिसेस देव, तुमचे रिपोर्ट आलेत. आत या," नर्स त्या बाईंना म्हणाली.

बाई उठेचनात.