दुखलं की थांबा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पदाधिकारी, बाबांचे आजी-माजी शिष्य आणि मागे दाराशी उभी असलेली मैदानावरची माळी मंडळी, सर्वांना नमस्कार.

आज निवृत्त होणाऱ्या गोल्फ प्रशिक्षकांची मी मुलगी. वडिलांचं कौतुक करणं तसं अवघडच. कमी पडलं तर घरी आईचं ऐकावं लागतं!

त्यांचे धडे तुम्हाला पाठच असतील. स्टिक पिकलेलं केळं धरावं तशी धरा. फटक्याआधी कंबर मोकळी करा. लांब मारायचा हव्यास सोडा, अर्धा सराव होलजवळच्या छोट्या फटक्यांचा करा. आणि एरवी कधी आवाज न चढवणारे बाबा एकच वाक्य ओरडून सांगतात, "दुखलं की थांबा!" हा धडा आला कुठून, ठाऊक आहे?

शाळेत असताना मीही त्यांची विद्यार्थिनी होते. माझा चेंडू सरळ जायचा, लांब जात नसे. मोठी स्पर्धा तोंडावर आली आणि बाबांनी माझी पकड बदलली. "आवळ अजून. मनगट वळव. पुन्हा!" मी पुन्हा पुन्हा मारत राहिले. मनगट सुजलं, तेव्हा लांब बाह्यांचे शर्ट घालू लागले. त्यांची शाबासकी हवी होती ना! स्पर्धेत तिसऱ्याच होलला स्टिक हातातून गळून पडली. डॉक्टर म्हणाले, "हे काही आजचं दुखणं नाही." बाबा भिंतीकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर मी खेळले नाही, आणि त्यांनीही कधी "चल" म्हटलं नाही. तुमच्याशी ते इतकं मऊ बोलतात, तो मऊपणा त्या दवाखान्यातून आलाय.

गेल्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, मला शिकवा." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी एकटीच मैदानावर गेले. थोड्या वेळानं वळून पाहते तर बाबा हात बांधून उभे.

"दुखतंय हे मीच सांगितलं नव्हतं तुम्हाला," मी म्हणाले.

"मी विचारलं कुठे?"

"मग आता विचारा."

त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग हळूच, "दुखतंय?"

"नाही, बाबा."

तेव्हा कुठे ते जवळ आले आणि माझी बोटं एकेक करून सैल केली. मी मारलेला चेंडू थेट तळ्यात गेला, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं, असं मी म्हणणार नाही. कालच बाजारातून येताना त्यांनी माझ्या हातातली जड पिशवी काढून घेतली. मनगट बरं होऊन वर्षं लोटली. पण मी घेऊ दिली.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. घरातली गोष्ट सभागृहात बोलले. आपण सांभाळून घ्यालच. बाबांनीही घ्यावं, एवढीच विनंती.