हिंमतरावांच्या नावाचा बीजाणू

...नाही, पण रिकाम्या काचेत कोणी कशाला बघेल? रिकामी म्हणजे रिकामी ना! पण आमच्या गाईड सीमा मॅडम म्हणाल्या, “स्वप्नाली, लेख पाठवायच्या आधी दगडाचा गाळ न लावलेली काचही बघून घे हं.” बघितली. तुम्हाला सांगते, तीन-तीनदा बघितली!

त्याचं असं, की मी सूक्ष्मदर्शकाखाली दगडातल्या बुरशीचे बीजाणू बघते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे! दगड आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ काचेवर पसरायचा आणि मोजत बसायचं... पेशी किती, भिंत केवढी जाड, छिद्र आहे की नाही. मूळ बुरशी कुठली सापडायला! म्हणून नुसत्या रूपावरून जात ठरवायची. तर गेल्या महिन्यात एक सापडला. गोल, तपकिरी, अंगभर बारीक काटे, जीवाश्मांच्या एकाही पुस्तकात नाही! नवी जात! नाव ठेवायचा मान माझा, मी माझ्या वडिलांचं, आप्पांचं ठेवलं, हिंमतरावी. चार स्थळं परत पाठवून शिकवलंय हो त्यांनी मला! आप्पांनी अख्ख्या ब्राह्मणपुरीत सांगितलं, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा! आता आप्पांना काय सांगू?

कारण रिकाम्या काचेवरही तेच! सात जण! म्हणजे दगडातले नव्हतेच! काचा वाळवल्या कुठे, तर घरच्या खिडकीत. खिडकीबाहेर काय, तर आमचा ऊस. ही उसाची काणी हो, बुरशीचाच रोग, यंदाची, ताजी! शेंड्यातून काळा चाबूक निघतो ना, त्याची भुकटी. आणि मी पंधरा दिवस तिचे काटे मोजतेय! शेतकऱ्याची पोर, पण शेतीचं पुस्तक उघडायचं सुचलं नाही. मॅडमना कळवलं, लेख थांबवला... पण आप्पांना काय सांगू?

शेवटी जेवताना सांगून टाकलं. “आप्पा, तो जुना नाही. आपल्या उसाची काणी आहे. तुमचं नाव... काढावं लागेल.”

आप्पांचा घास हातातच राहिला. मला रडूच आलं. वाटलं, माणूस खचला.

“काणी? आपला ऊसमा?” म्हणाले, आणि उष्ट्या हातानेच वावरात पळाले! आत, मधोमध, अकरा चाबूक निघाले. गोणपाटात गुंडाळून उपटले, जाळले. नावाचं? एका शब्दाने विचारलं नाही!

आता आप्पांचं गावभर एकच. “मन्ही पोरले काणी सगळासना आधी दिसनी!” सकाळपासून दारात नऊ जण उभे, प्रत्येकाच्या हातात ऊस, आणि वरून घाई, “ताई, लवकर दखा ना, वावरमा जानं शे.”

बघते, काय करणार? दगड साडेसहा कोटी वर्षं थांबलेत... थांबतील अजून जरा.