तस्तातली रियोहा

अरे ऐका रे, ती मॅच म्यूट करा आधी, बॉल कुठे जायचा तिथे जाईल, आपल्या अनुपचं काय झालंय ते ऐका! आणि हळू हसा, तो वर खोलीत डोक्यावर उशी घेऊन पडलाय... आत्ता आला लंडनच्या हाउन्सलोहून. कुठे गेला होता? सासरी! म्हणजे होऊ घातलेल्या सासरी. अक्षयाच्या बाबांनी बोलावलं होतं, पहिल्यांदा, आणि कशाला बोलावलं होतं, तर वाईन प्यायला! आता मला सांगा, मराठी बाप, मुलीचा बाप, तो होणाऱ्या जावयाला पोहे देईल, शिरा देईल, फार तर फार ढोकळा देईल वेम्बलीचा... वाईन? तुम्हाला सांगतो, फुकट कोणी कोणाला पाजत नाही!

आणि बाप कोण? डॉक्टर मुरलीधर चांदोरकर, तीस-पस्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात गेली! ज्याचा धंदाच समोरच्याला बेशुद्ध करायचा, तो फोनवर म्हणतो, "शनिवारी दुपारी या अनुपराव, तुमची रियोहाशी ओळख करून देतो." अनुपला वाटलं, ही कोण आता, धाकटी बहीण का काय? अक्षया म्हणाली, नाही रे, स्पेनमधला भाग आहे, तिथली रेड वाईन, बाबाचं वेड आहे ते, तू फक्त एन्जॉय कर.

एन्जॉय कर! अरे, तिकडे ठाण्यात अनुपच्या आईने काय सांगून ठेवलंय? "आमचा अनुप सुपारीचं खांडसुद्धा खात नाही." हे वाक्य ठाण्याहून निघालं, इथल्या मराठी मंडळातल्या मीनाक्षीमावशींकडे आलं, तिथून थेट अक्षयाच्या आईच्या, सुप्रभाकाकूंच्या कानात! आता प्यायला तर आई खोटारडी, नाही प्यायला तर बापाचा अपमान. म्हणजे सापळा आहे ना हा? मी त्याला निघतानाच म्हटलं, अनुप्या, डोळे उघडे ठेव, फुकट कोणी कोणाला पाजत नाही!

तर हा इथून, ब्रॅकनेलहून, ट्रेनने फेल्टमला उतरला, बस घेतली, इस्त्रीचा शर्ट, हातात काकूंसाठी मिठाईचा बॉक्स, पोचला. बघतो तर काय, डायनिंग टेबलावर पांढरं स्वच्छ टेबलक्लॉथ, ओळीने बाटल्या, लांब दांड्याचे ग्लास, आणि मधोमध पितळेचं तस्त! तस्त रे, पूर्वी पंगत उठल्यावर हात धुवायला फिरवायचे ना, ते! अनुपला वाटलं, पूजा आहे का काय...

आणि बाटल्यांना तारेची जाळी! सोनेरी, गळ्यापासून बुडापर्यंत. ह्याने आपलं सहज विचारलं, काका, ही जाळी कशाला? तर काका खुशीत, "फ्रॉड, अनुपराव, फ्रॉड! पूर्वी लोक नामांकित बाटलीत हलकी वाईन भरून विकायचे, म्हणून जाळीत बांधायची पद्धत पडली. आता नुसती शोभेला." घ्या! जिथे बाटलीला मुसक्या बांधाव्या लागतात, तिथली ही वाईन, आणि ती ह्याला पाजणार...

मग काकांनी ओतली. किती? तीर्थाएवढी! एवढ्या मोठ्या ग्लासाच्या बुडाशी एवढीशी. आता आपल्या हाताला सवय कसली असते? थेंबभर काही मिळालं की ते तीर्थच! अनुपने उजव्या हाताने ग्लास उचलला, घटकन प्यायला आणि तोच हात डोक्यावरून फिरवला! काकू पदर तोंडाला लावून किचनमध्ये पळाल्या, अक्षया म्हणते, "व्हॉट वॉज दॅट?", आणि काका म्हणाले, "अहो, गिळली? टेस्टिंग आहे हे. तोंडात घोळवायची आणि ह्या तस्तात थुंकायची."

थुंकायची! तुम्हाला सांगतो, अनुपच्या डोक्यात लख्ख ट्यूब पेटली. ही परीक्षा! गिळेल तो बेवडा, थुंकेल तो निर्व्यसनी! आता दाखवतोच ह्यांना, आईचा शब्द खाली पडू देणार नाही...

पुढची बाटली, क्रियान्सा, म्हणजे थोडीच वर्षं मुरलेली. काका सांगतायत, "रियोहा म्हणजे सबुरी, बरं का. वाईन झाली की विकली, असं नाही. आधी ओकच्या लाकडी पिंपात मुरते, मग बाटलीत मुरते, मग तुम्हा-आम्हाला मिळते." अनुप मनात म्हणतो, तयार माल वर्षानुवर्षं गोडाऊनमध्ये ठेवणारा व्यापारी बघितलाय कुणी? खपत नसणार! काका म्हणाले, नाक घाला ग्लासात, कसला वास येतो? आणि गंमत सांगू? ह्याला खरंच आला वास, ओल्या नारळाच्या वडीचा, अगदी तुपाचं बोट लावून थापलेल्या! पण बोलायचं कसं? ओळखला तर म्हणणार, मुलगा सराईत दिसतोय! म्हणून हा काय म्हणाला? "कफ सिरपचा."

काकांचा चेहरा जो उतरला... म्हणे, "नारळ नाही येत? व्हॅनिला? अमेरिकन ओकचं पिंप आहे हो." हा म्हणाला, "नाही काका. खोकल्याचं औषध." आणि थू! तस्तात. काकू तिकडून, "बघा, त्याला कळतसुद्धा नाही त्यातलं!" कौतुकाने रे!

मग रेझर्वा, त्याहून जास्त मुरलेली. थू! मग पांढरी रियोहा. थू! नेम असा बसला होता म्हणता, एक थेंब टेबलक्लॉथवर नाही. काका बिचारे काकुळतीला आले, "अहो, एखादी गिळा तरी, इथे माझ्याबरोबर कुणी घेत नाही, ही वासानेच पळते, अक्षयाला ती सफरचंदाची सायडर लागते..." ऐकलं? आग्रह! लालूच! अनुप मनाशी म्हणाला, काका, मी ओळखून आहे तुम्हाला, फुकट कोणी कोणाला पाजत नाही!

शेवटी काका उठले, जिन्याखालच्या कपाटातून एक बाटली काढली, तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन आले. ग्रान रेझर्वा, सगळ्यात जास्त मुरवलेली. बुचाचा नुसता भुगा होत होता, तरी डॉक्टरच ते, शिरेत सुई घालावी तसं हलक्या हाताने काढलं. लेबलवर साल, १९८२, आणि आता चालू आहे २००६. अनुप म्हणतो, चोवीस वर्षं? चोवीस वर्षं टिकायला ते काय मध आहे? डुप्लिकेट! शंभर टक्के! हीच शेवटची परीक्षा!

तोंडात घेतली. आणि तुम्हाला सांगतो... तो वर उशीखालून सांगत होता... असं काही त्याने आयुष्यात चाखलं नव्हतं. जुनं सागवानी कपाट उघडावं, आत सुके अंजीर असावेत, वाळलेली पानं, कुणाची तरी जुनी शाल... जीभ म्हणे, गिळ रे, गिळ! पण आईचा शब्द! वाकला तस्तावर. आणि तेवढ्यात काका, डोळ्यांत पाणी, म्हणतात, "ही अक्षयाच्या जन्मवर्षाची. तिला मागणी घालायला जो येईल त्याच्यासाठी जपली. मग अनुपराव, पसंत आहे ना आमची मुलगी?"

थू!

अरे, निघाली होती ना ओठातून! परत कशी घेणार? ऐन प्रश्नावर... पितळेवर आवाजही काय घुमतो म्हणून सांगू!   मग अक्षया, "यू स्पॅट मी आउट! माझा बर्थ इयर तू थुंकला!" आणि धाडधाड जिना चढून वर. हा ओठ पुसत ओरडतोय, "पसंत आहे! काका, पसंत आहे! हो! हो!" लाल लाल दात घेऊन!

आणि मग बोलल्या कोण? सुप्रभाकाकू! "अहो, बघताय काय? एवढी भारी, पण मुलाने घशाखाली उतरू दिली नाही! असा जावई दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. मी आजच ठाण्याला फोन करते." झालं, ठरलं लग्न! अक्षयाही तासाभराने खाली आली, अजून बोलत नाहीये, पण साखरपुड्याला हिरवी साडी हवी म्हणाली, म्हणजे येतेय लाइनवर...

आणि काकांनी काय केलं? त्या ग्रान रेझर्वाला हळूच बूच लावलं, कपाटात ठेवलं, कुलूप घातलं, आणि काकूंना म्हणाले, "ह्यांना ऑरेंज स्क्वॅश द्या. आता कायम स्क्वॅशच द्या." संपलं! मुलगी मिळाली, आईचा शब्द राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा जे आवडलं ते कपाटात बंद! आता दर दिवाळीला, दर नाताळला, सासरा समोर बसून एकटा रियोहा पिणार आणि हा निर्व्यसनी जावई स्क्वॅश ढोसणार, कारण आता "काका, मला द्या ना थोडी" म्हणायचं कुठल्या तोंडाने?

नाही, हसू नका. तोंडात चोवीस वर्षांची रियोहा, समोर सासरा, मागे ठाण्याची आई... खरं सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं?