पंपाचा ठोका

सही करतो म्हटलं ना साहेब, दमानं घ्या जरा! ग्रानाडाहून एवढ्या बर्फातनं वर आलात, तर हा फेर्मीन काय म्हणतो तेही ऐका. कागदावर काय लिहिलंय — ‘विद्यार्थिनीने ठोका न तपासता गाळला.’ बरोबरच आहे की! तिनंच गाळला. मी गाळला का? मी आपला दुर्बीण फिरवणारा माणूस, सत्तावीस वर्षं हीच तबकडी फिरवतोय.

त्या पोरीला, मायालेनला, तो मेलेला तारा हवा होता. एका शहराएवढा गोळा, पण चुंबक असा की विचारू नका! फिरता फिरता रेडिओचा झोत मारतो. बाकीचे असले तारे रेडिओच्या वरच्या पट्टीत मुके होतात, हे चुंबकवाले तिथंही बोलतात — तेसुद्धा जागे असले तर, काही आठवडेच. हा जागा झाला आणि पोरीला सहा तास मिळाले. तीन वर्षांच्या अभ्यासात सहा तास, साहेब! आणि आला की पडद्यावर ठोका, दर चार सेकंदांना एक. पोरगी खुर्चीतनं उडालीच. मी म्हटलं, बस खाली, पंप आहे तो. रिसीव्हर गार ठेवतो ना, तो — सेकंदाला एक ठोका, आणि महिनाभर दर चौथ्या ठोक्याला अडखळत होता; तो अडखळा पडद्यावर उमटायचा, आम्हाला पाठ झाला होता. तर ही म्हणते, फेर्मीन, पाच मिनिटं तबकडी बाजूला वळवू. ठोका थांबला तर आकाशातला, नाहीतर पंपाचा. मला शिकवते! तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी इथं आहे, म्हटलं. तीनदा विचारलं तिनं. तीनदा! मग पंपाचा म्हणून गाळून टाकला बिचारीनं.

वहीत होतं? होतं ना! पाळी संपली की जाणाऱ्यानं लिहायचं, येणाऱ्यानं वाचायचं — ‘काल पंप बदलला, आता नीट चालतोय.’ स्पष्ट लिहिलं होतं. पण मी वर आलो तो थेट मसुराच्या ताटावर, आणि तिथनं थेट खुर्चीवर. वही वाचली ती त्याच संध्याकाळी, पोरीचे सहा तास संपल्यावर…

काय बघताय? हो, त्याच संध्याकाळी! कच्च्या नोंदी आठ दिवस राहतात, मग आपोआप पुसल्या जातात — मला नाही ठाऊक तर कुणाला? तोवर गाळलेला ठोका परत काढता आला असता; आठ दिवस होते माझ्या हातात. उद्या सांगू, परवा सांगू… ह्या वयात त्या पोरीपुढं जाऊन काय तोंड दाखवायचं? नवव्या दिवशी सगळं साफ. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच देशातल्या लोकांनी छापलं — तोच तारा, तीच पट्टी, तोच ठोका. आता तारा झोपला. पोरगी अभ्यास सोडून घरी, बापाच्या मासळीच्या दुकानात. आणि तुम्ही तिच्याच नावानं कागद घेऊन आलात, लाज नाही वाटत? — मला? मला विचारता?

खोडा तिचं नाव. माझं घाला. नोकरी जाते तर जाऊ दे! डोंगर उतरताना आभार मानले होते हो तिनं माझे. ‘फेर्मीन, तुम्ही होतात म्हणून माझं हसं टळलं.’ हात हातात घेऊन म्हणाली, आणि मी — मी म्हटलं, असू दे पोरी, त्यात काय.

उठा आता. जा म्हणतो ना!