नऊ नंबरची किल्ली

आजच्या सभेचे अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रशिक्षण विभागाचे प्रमुख, संघटनेचे सचिव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, ज्यांना मी ताई म्हणते, आणि समोरचे सगळे कारागीर, मदतनीस, शिकाऊ मुलंमुली, या सर्वांना माझा नमस्कार.

माईक जरा खाली करता का कुणी? झालं, झालं. दहा वर्षं मी खिडकीतून वाकून बोलतेय. मान वर करून बोलायची सवय नाही.

माझ्याआधी चौघे बोलले, चांगलं बोलले. वक्त्यांच्या यादीत माझं नाव वाचून काहींच्या भुवया वर गेल्या, तेही मी पाहिलं. टूल स्टोअरच्या खिडकीवरची बाई, ती काय भाषण करणार? हत्यार घ्या, बिल्ला ठेवा, पुढे व्हा, याच्या पलीकडे ती दिवसभरात बोलते काय? खरं सांगते, बुधवारपर्यंत मलाही कळत नव्हतं. माझं नाव मास्तरांनी स्वतः घातलं. का घातलं, ते ओघात येईल.

आधी मास्तरांविषयी चांगलं बोलते, कारण ते खरं आहे आणि पुढे बोलायला जमेल की नाही याची खात्री नाही.

या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी मास्तरांच्या हाताखाली पहिला दिवस काढलाय. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. डोक्यावरचा एक केस उपटायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. सात शतांश मिलिमीटर, आठ शतांश. "एवढ्या जागेत तुमची आयुष्यभराची भाकरी आहे," असं मास्तर सांगतात. म्हणून मुलं त्यांना पाठीमागे केसमास्तर म्हणतात. स्वतःच्या डोक्यावर एक उरला नाही म्हणून दुसऱ्यांचे मोजतात, असंही म्हणतात. हसू नका, मास्तरांना ठाऊक आहे ते. खिडकीवरून सगळं ऐकू येतं.

आणि दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे स्प्रिंग. ताईंना आणि पाहुण्यांना सांगायला हवं. लेथवर जो तुकडा कापायचा तो एका जबड्यात धरतात, त्याला चक म्हणतात. तो जबडा आवळायला एक जाड किल्ली असते. आवळून झालं की किल्ली काढायची आणि मगच मशीन चालू करायचं. किल्ली आत राहिली आणि चक फिरला, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. प्रशिक्षण विभागातल्या आणि मग कारखान्यातल्याही प्रत्येक किल्लीला मास्तरांनी स्वतःच्या हाताने स्प्रिंग बसवलीय. दाबून धरली तरच ती आत राहते, हात सोडला की बाहेर येते. मुलं कुरकुरतात, मनगट दुखतं म्हणतात. पण दहा वर्षांत त्या विभागात एकाच्या नखालाही धक्का लागलेला नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ता वाजवा.

हं. आता माझं.

सोमवारी सकाळी आठला मशिनिस्टची नवी तुकडी सुरू होतेय. अकरा मुलगे आणि एक मुलगी. ती मुलगी माझी आहे. यादीत ती दुसरी आली. सतरा वर्षांची आहे, म्हणून फॉर्मवर पालकाची सही लागते. तो फॉर्म बारा दिवस मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून पडलाय आणि बारा दिवसांत पुस्तकाचं एकही पान उलटलेलं नाही. मुदत आज पाचपर्यंत. माझ्या घड्याळात आता तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

सही का केली नाही, हे जुन्या लोकांना सांगायला नको. नव्यांसाठी सांगते. माझे यजमान इथेच टर्नर होते, तीन नंबरच्या लेथवर. अकरा वर्षांपूर्वी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, चकमधली किल्ली सुटून त्यांच्या कपाळावर बसली. गाडी येईपर्यंतही ते थांबले नाहीत. मुलगी सहा वर्षांची होती.

चौकशी झाली. चार पानांचा अहवाल आला. तेव्हा मला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, एक ओळ संपेपर्यंत आधीची विसरायची. मी न वाचता सही केली. मग ही नोकरी मिळाली आणि खिडकीवर बसून हत्यारांच्या डब्यांवरची नावं वाचता वाचता, मग कारखान्याच्या वाचनालयातली पुस्तकं वाचता वाचता मी वाचायला शिकले. लोक म्हणतात, बाईंना वाचनाची गोडी आहे. गोडी मागाहून लागली. मी शिकले ते त्या चार पानांसाठी. दोन वर्षांनी ती मला सलग वाचता आली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, अपघाताचं कारण मृत कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. चौकशीत टेबलावर ठेवलेली किल्ली त्यांच्याच नंबरची होती.

माझा माणूस घरात चपला जोडीने ठेवायचा. पण कागदावर छापलेलं होतं. मी मान्य केलं.

मुलीनेही मान्य केलं. ती निजण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघते. कुलूप लावून जिना उतरते आणि परत वर जाते. मी विचारलं तर म्हणते, "रक्तात असेल तर?" गेल्या महिन्यात तिची मुलाखत झाली. घरी येऊन बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं, वडिलांसारखा निष्काळजीपणा करणार नाहीस ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले. आणखी काय म्हणणार?"

मग तिने वडिलांचा मायक्रोमीटर पेटीतून काढला, माझा एक केस उपटला आणि मोजला. "तुझा पांढरा काळ्यापेक्षा जाड आहे," म्हणाली. मी म्हटलं, "कारटे, विचारून तरी उपट." दोघी हसलो. सही मात्र झाली नाही.

आता मंगळवार. निवृत्त होणाऱ्या माणसाने आपल्या नावावरची सगळी हत्यारं खिडकीवर जमा करायची आणि आपले पितळी बिल्ले परत घ्यायचे, हा आपला नियम. हत्यार बाहेर असेल तोवर त्याच्या खिळ्यावर त्या माणसाचा बिल्ला लटकतो. मास्तरांनी एकेक वस्तू पुसून फळीवर मांडली. मायक्रोमीटर, गुण्या, दोन कानशी. शेवटी एक खिळा उरला. नऊ नंबरची चकची किल्ली. मी खिडकीवर आले तेव्हापासून त्या खिळ्यावर मास्तरांचा बिल्ला आहे. दरवर्षी हत्यारांची मोजदाद झाली की मी ओरडायची, "मास्तर, तुमची नऊ नंबरची!" आणि ते म्हणायचे, "आहे वहिनी, आणतो." दहा वर्षं हा आमचा विनोद होता. मला विनोद वाटायचा.

मंगळवारी त्यांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. आत किल्ली होती.

मी म्हटलं, "सापडली का एकदाची?"

"हरवली नव्हती, वहिनी."

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. त्या सकाळी यजमानांचा चक अडकला होता, त्यांच्या किल्लीने हलेना. शेजारच्या मशीनवर तेव्हा मास्तर होते. त्यांनी आपली, नऊ नंबरची आणली, जोर लावून आवळलं. तेवढ्यात दारातून कुणी हाक मारली, तुमचा फोन आहे. ते वळले. किल्ली तशीच राहिली. यजमान खाली वाकून मोजपट्टी उचलत होते. ते उठले आणि त्यांनी बटण दाबलं. का पाहिलं नाही त्यांनी? कारण आवळलं होतं ते मास्तरांनी. मास्तरांच्या हातचं काम कुणी तपासतं का? तुम्ही तपासलं असतं?

नंतर गर्दीत मास्तरांनी आपली किल्ली मशीनखालून उचलून खिशात टाकली. चौकशीत यजमानांची किल्ली टेबलावर गेली.

मी काय केलं? नियमाने जे करायचं तेच केलं. किल्ली पुसली, नंबर पाहिला, खिळ्यावरचा बिल्ला काढून फळीवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. मी खिडकी बंद केली, सुट्टीच्या भोंग्याच्या वीस मिनिटं आधी. दहा वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी ते पुन्हा आले. म्हणाले, "शनिवारी सभेत मीच सांगणार होतो. नाही जमणार. तुम्ही बोला."

मी म्हटलं, "वा, मास्तर! चूक तुमची आणि जीभ माझी?"

"माझं तोंड उघडलं की मी स्वतःची बाजू मांडायला लागेन, वहिनी. अकरा वर्षं मनात तेच करतोय. तुम्ही सरळ सांगाल."

म्हणून मी इथे उभी आहे. साहेब, आपण घड्याळाकडे पाहताय, पण मला अजून थोडा वेळ लागेल. ताई, तुम्हाला हे परवा रात्री त्यांनी सांगितलं, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे बघा किंवा नका बघू, पण उठून जाऊ नका. तुमचं माझं काही वाकडं नाही.

मुलीला मी मंगळवारी संध्याकाळीच सांगितलं. ती कणीक मळत होती. परात बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा विसरले नव्हते." मास्तरांना शिवी नाही, रडणं नाही. एवढंच. त्या रात्री तिने गॅसचं बटण एकदाच पाहिलं. मी मोजत होते.

अध्यक्ष महाराज, आपल्याकडे माझी एकच मागणी आहे. तिसऱ्या पानावरची ती ओळ बदला. मास्तरांनी दोन पानांचा जबाब लिहून सही करून दिलाय, तो या पाकिटात आहे. मला दुसरं काही नको. पण उद्या कुणी माझ्या मुलीला तिचा बाप दाखवून प्रश्न विचारला, तर तिला मान वर करून उत्तर देता आलं पाहिजे.

आणि मास्तर, आता तुमच्याकडे. मी तुम्हाला माफ केलं का, हे विचारू नका. मला ठाऊक नाही. चार रात्री मी शोधतेय, सापडत नाही. तुमच्या स्प्रिंगांनी किती कपाळं वाचली, तेही मला दिसतं. आणि प्रत्येक स्प्रिंग मीच खिडकीतून तुम्हाला दिली, कशासाठी ते न कळता, हेही दिसतं. दोन्ही खरं आहे. दोन्ही एका खिळ्यावर टांगता येत नाही.

पण एक हिशेब मी करून आलेय. आपल्याकडे बिनस्प्रिंगची किल्ली आता एकच उरलीय. तुमच्या खिशात होती म्हणून राहिली. ती मी आणलीय. ही बघा. आणि ही कालच काढून ठेवलेली स्प्रिंग. फुलांचे गुच्छ देऊन झाले की तुम्ही प्रशिक्षण विभागात जा आणि ही बसवा. माझी मुलगी मागे उभी आहे, तिला सोबत न्या, करताना दाखवा. आणि हे का करतात, ते तिला तुमच्या तोंडाने सांगा. बाजू मांडायची असेल तर मांडा, ती ऐकेल. मी दारात उभी राहीन.

मग ती किल्ली चकमध्ये घालून मी स्वतः हात सोडून बघेन. बाहेर आली, तर पाचच्या आत या फॉर्मवर सही होईल. सोमवारी आठ वाजता माझी मुलगी खिडकीवर येईल, आपला बिल्ला ठेवेल आणि नऊ नंबरची किल्ली मी तिच्या हातात देईन. रोज देईन, रोज संध्याकाळी परत घेईन. माझी भीती जाणार नाही. पण ती रोज मोजली तरी जाईल.

बाई माणसाने एवढं लांबण लावलं, आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. ती चूक माझी आहे आणि ती मी सगळ्यांसमोर माझ्या नावावर घेते.

चला, मास्तर.